वाळूच्या फवाऱ्याने दगड कोरणारा जनरल : बेंजामिन टिलमन

हातातला फोन जरा उलटा करा. मागची बाजू किंवा कडा अॅल्युमिनियमची असेल आणि बोट फिरवल्यावर ती चकचकीत न लागता मंद, मखमलीसारखी लागत असेल, तर त्या धातूवर कारखान्यात बारीक मण्यांचा फवारा मारलेला असण्याची शक्यता खूप आहे. दारावरची ग्रॅनाइटची नेमप्लेट घ्या. अक्षरं खोल कोरलेली, आत सोनेरी रंग. तीही बहुतेक वेळा छिन्नीने नाही, फवाऱ्यानेच कोरलेली असते. आणि तुमची फेडेड जीन्स... तिच्याकडे शेवटी येऊ, कारण तो भाग तितकासा गोड नाही.

या सगळ्याला सँडब्लास्टिंग म्हणतात. मूळ पेटंट १८७० सालचं आहे आणि ते घेणारा माणूस इंजिनिअर नव्हता. शिक्षणाने वकील, आवडीने रसायनांत रमणारा आणि युद्धात जनरलच्या हुद्द्यापर्यंत पोचलेला. नाव बेंजामिन च्यू टिलमन. नेटवर शोधाल तर स्पेलिंगमध्ये एलनंतर जी आणि एच टाका, बोलताना मात्र दोन्ही गिळायचे.

मी त्याच्यापर्यंत पोचलो तो एका बादलीभर वाळूमुळे.

मी भाट्याचा. रत्नागिरीतून काजळी नदीवरचा पूल ओलांडला की समोर सुरूचं बन आणि त्यापलीकडे लांबच लांब किनारा, तेच भाट्ये. मे महिन्यात दुपारनंतर वारा सुटला की किनाऱ्यावर उभं राहवत नाही, नडग्यांवर वाळू सपासप लागते. गंमत म्हणजे ती नडग्यांवरच लागते, तोंडावर फारशी नाही. वाऱ्याबरोबर वाळूचे कण उड्या मारत जातात आणि त्यातले बहुतेक जमिनीपासून हात-दोन हातांतच राहतात. किनाऱ्याकडेला बरीच वर्षं उभ्या असलेल्या एका टपरीच्या कपाटाची काच मी लहानपणापासून बघतोय. वरचा भाग स्वच्छ, खालचा हातभर भाग धुरकट. पुसून जात नाही. ती धूळ नाहीच, काचच खरवडली गेलीय.

लॉकडाउननंतर मला गोट्यांवर डिझाइन कोरायचं खूळ लागलं. नदीतले काळे गुळगुळीत गोटे, त्यावर मासा, होडी, कुणाचं नाव. इन्स्टावर असे दगड भारी चालतात. ऑनलाइन एक स्वस्तातली ब्लास्ट गन मागवली, ओळखीच्या पंक्चरवाल्याचा कंप्रेसर अर्ध्या दिवसासाठी घेतला आणि वाळू आणली दारातून, म्हणजे समुद्रावरून. तोंडाला रुमाल. ट्रिगर दाबला, दहा सेकंद फवारा आला आणि नोझल तुंबलं. समुद्राच्या वाळूत मीठ असतं, ओल असते, शिंपल्यांचा चुरा असतो आणि तो चुरा दगडापेक्षा मऊ. गोट्यावर नुसता पांढरट डाग.

तेवढ्यात मागून मामा आला आणि त्याने काही न बोलता कंप्रेसरचं बटण बंद केलं.

मामाने तरुणपणी मुंबईत एका यार्डात जहाजांचा गंज काढायचं काम केलंय, वाळूच्या फवाऱ्याने, नाकाला गमछा बांधून. आज त्याला आमच्या घरापासून झरी विनायकाच्या देवळापर्यंत चालताना दोनदा थांबावं लागतं. आधी क्षय समजून औषधं झाली, मग कळलं की फुप्फुसात वाळूची धूळ आहे. त्या दिवशी तो रागावला नाही. समुद्रावरची वाळू उचलणं सीआरझेडच्या नियमांतही बसत नाही, एवढं मात्र त्याने ऐकवलं. आणि रात्री जेवताना विचारलं की हे यंत्र पहिल्यांदा काढलं कुणी, तुझ्या त्या मोबाइलमध्ये बघ तरी.

म्हणून बघितलं.

वकील, ज्याने वकिली केली नाही

टिलमनचा जन्म २६ ऑक्टोबर १८२१ चा, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचा. घराणं बडं, वकील आणि न्यायाधीशांचं. १८३९ मध्ये त्याने पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून पदवी घेतली, मग घरच्या वळणाप्रमाणे कायदा शिकला, पण वकिली काही केली नाही. धाकटा भाऊ रिचर्ड रसायनशास्त्रात मुरलेला. दोघे भाऊ युरोपभर फिरले, कारखाने बघितले आणि प्रयोग करत राहिले. रिचर्डने खूप दाब आणि उष्णता असलेल्या पाण्याने चरबी फोडून ग्लिसरीन आणि मेणबत्त्यांना लागणारी आम्लं वेगळी करायची पद्धत काढली, १८५४ मध्ये तिचं पेटंट घेतलं, आणि त्या पेटंटचं भांडण दोनदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. पहिल्या वेळी निकाल विरोधात गेला, पुढच्या खटल्यात त्याच न्यायालयाने मत फिरवलं. पेटंट कायदा शिकणारे विद्यार्थी तो खटला आजही वाचतात. वकिली सोडली तरी कोर्टाने काही या घराला सोडलं नाही!

बेंजामिनचा स्वतःचा पहिला मोठा शोध वाळूचा नाही, कागदाचा. पॅरिसमध्ये चरबीवर सल्फ्युरस आम्लाचे प्रयोग चालू असताना त्याच्या लक्षात आलं की ज्या लाकडी पिंपात हे द्रावण ठेवलंय त्याचं लाकूडच मऊ पडून तंतू सुटे होताहेत. म्हणजे लाकडातला चिकट भाग विरघळतो आणि तंतू उरतात. तंतू म्हणजे कागदाचा लगदा. या पद्धतीचं अमेरिकन पेटंट त्याला १८६७ मध्ये मिळालं. पण आम्ल, दाब आणि उष्णता एकत्र सोसतील अशी भांडी काही जमेनात. शिशाचं अस्तर लावलं तरी गळती थांबेना. शेवटी त्याने नाद सोडला. १८७४ मध्ये स्वीडनमधल्या बर्गविकला कार्ल डॅनियल एकमनने याच तत्त्वावर चालणारी गिरणी उभी केली आणि पुढची कित्येक दशकं जगातल्या कागदाचा मोठा हिस्सा सल्फाइट पद्धतीने बनत राहिला. टिलमनचं नाव त्यात फारसं कुणी घेत नाही. मला विचाराल तर वाळूपेक्षा हाच शोध मोठा होता.

वाळूच्या बेटावरचं युद्ध

मधली चार वर्षं युद्धात गेली. १८६१ मध्ये अमेरिकेचं यादवी युद्ध पेटलं तेव्हा तो चाळिशीला टेकलेला. उत्तरेच्या बाजूने, पेनसिल्व्हेनियाच्या २६ व्या पायदळ पलटणीत तो कॅप्टन म्हणून दाखल झाला आणि चढत चढत कर्नल झाला. मे १८६३ मध्ये चान्सलर्सव्हिलच्या लढाईत जबर जखमी झाला. इथे थांबून घरी बसला असता तरी कुणी नाव ठेवलं नसतं.

तो परत गेला, आणि गेला तो तिसऱ्या यूएस कलर्ड ट्रूप्स या कृष्णवर्णीय सैनिकांच्या पलटणीचा प्रमुख होऊन. ही पलटण फिलाडेल्फियाजवळच्या कॅम्प विल्यम पेनमध्ये उभी राहिली होती. तेव्हा या सैनिकांना गोऱ्या सैनिकांपेक्षा कमी पगार होता. दक्षिणेच्या काँग्रेसने तर अशा पलटणींचे गोरे अधिकारी हाती लागले तर त्यांना मृत्युदंड देता येईल असा ठराव केला होता. म्हणजे हे पद स्वीकारणं ही नुसती बढती नव्हती.

पलटण गेली साउथ कॅरोलायनातल्या मॉरिस बेटावर. समुद्रकाठचं, वाळूचंच बेट. समोर फोर्ट वॅग्नर, त्याच्या भिंतीही वाळूच्या. तोफगोळा दगडी भिंतीवर आदळला तर भिंत फुटते, वाळूत घुसला तर वाळू त्याला गिळते. टिलमनच्या सैनिकांनी तिथे गोळीबारात वाळू खणून खंदक काढले. सप्टेंबर १८६३ मध्ये शत्रूने किल्ला सोडला. पुढे ही पलटण फ्लोरिडात राहिली आणि १८६५ मध्ये टिलमनला ब्रिगेडियर जनरलचा मानद हुद्दा मिळाला. वाळूची कल्पना त्याला या बेटावर सुचली असं मला उगाच वाटत राहतं. सांगितली जाणारी गोष्ट वेगळी आहे : वाळवंटी वाऱ्याने खिडक्यांच्या काचा धुरकट झालेल्या त्याने पाहिल्या आणि डोक्यात ठिणगी पडली. आमच्या टपरीची काच आठवा.

पेटंटात काय होतं

१८ ऑक्टोबर १८७० ला मिळालेलं पेटंट, क्रमांक १०८४०८. कल्पना अशी : वाळूचे कण वेगाने कठीण पृष्ठभागावर मारले की तो झिजतो, म्हणून हा मारा नळीतून, हव्या त्या जागी करायचा. कण ढकलायला वाफ चालेल, हवा चालेल, पाणीही चालेल. जिथे झीज नको तिथे झाकण लावायचं.

त्या काळी लोकांना सगळ्यात आश्चर्य वाटलं ते वेगाचं. काच काही सेकंदांत धुरकट होई. चौरस इंचाला ३०० पौंड दाबाच्या वाफेने दीड इंच जाडीच्या कुरुविंदाला, म्हणजे माणिक आणि नीलम ज्याचे बनतात त्या खनिजाला, २५ मिनिटांत आरपार भोक पडलं. वाळू म्हणजे क्वार्ट्झ, कुरुविंदापेक्षा मऊ. मऊ कणाने कठीण वस्तू कशी कापली जाते? वेगामुळे. कणाचा वेग दुप्पट झाला की त्याची ऊर्जा चौपट होते. कण बारीक असला तरी ती सगळी ऊर्जा एका टिंबाएवढ्या जागेवर एका क्षणात उतरते आणि तिथून एक सूक्ष्म कपचा उडतो. असे लाखो कण, लाखो कपचे.

आता उलटी बाजू, आणि माझ्या मते टिलमनच्या शोधाचा खरा जीव इथे आहे. जो फवारा कुरुविंद फोडतो तो रबराला, कागदाला, कापडाच्या जाळीला लवकर काही करू शकत नाही. दगड आणि काच ठिसूळ, त्या वाकत नाहीत, तुटतात. रबर दबतं आणि कणाला परत उडवून देतं. १८७३ मध्ये लंडनमध्ये जॉन टिंडल या पदार्थविज्ञानातल्या नामवंताने नायगारा धबधब्यावर भाषण दिलं, तेव्हा दगडाची झीज समजावताना त्याने या फवाऱ्याचाच दाखला दिला. काचेवर नाजूक लेस ठेवून फवारा मारला तर काच झिजते, लेस तशीच राहते आणि तिची नक्षी काचेवर उमटते. इजिप्तच्या स्फिंक्सची मान वाळवंटातल्या वाऱ्याने अशीच झिजवलीय हेही त्याने जोडलं.

आपल्याकडे रेडियमचं दुकान असतं ना, गाडीवर नावं चिकटवून देणारं? तो प्लॉटरवर स्टिकर कापतो, नको तो भाग सोलून काढतो. नेमप्लेटवाला दगडावर तेच करतो, फक्त स्टिकर जाड आणि रबरासारखा घेतो. लेसच्या जागी रबर आलं एवढंच. दीडशे वर्षांत मूळ युक्ती बदललेली नाही.

कबरींचे दगड

टिलमनच्या आयुष्यातला मला सगळ्यात जास्त धरून ठेवणारा भाग त्याने स्वतः केलेलाच नाही.

युद्धात मेलेल्या उत्तरेच्या सैनिकांच्या कबरींवर आधी लाकडी फळ्या होत्या. त्या कुजायला लागल्या. १८७३ मध्ये सरकारने दगडाच्या खुणा लावायचं ठरवलं. ओळख पटलेल्या सैनिकाला चार इंच जाड, दहा इंच रुंद, जमिनीवर बारा इंच दिसणारा दगड. ओळख न पटलेल्याला सहा इंच चौकोनी ठोकळा, वर फक्त आकडा. एकूण दोन लाखांहून जास्त कबरी. छिन्नी-हातोड्याने एवढी नावं कोरायला किती पाथरवट आणि किती वर्षं लागली असती!

व्हरमाँट राज्यातल्या रटलंड भागात, संगमरवराच्या खाणींजवळ, हे काम सँडब्लास्टने झालं. नावाची लोखंडी अक्षरं दगडावर मांडायची, फवारा मारायचा. आजूबाजूचा संगमरवर झिजतो, अक्षरांखालचा तसाच राहतो. काही मिनिटांत एक दगड. म्हणून त्या जुन्या दगडांवर ढालीच्या आकाराच्या खोलगट जागेत नावं उठावदार दिसतात, खोल कोरलेली नाहीत. कृष्णवर्णीय पलटणींच्या सैनिकांच्या दगडांवर नावाखाली त्यांच्या पलटणींची आद्याक्षरं आहेत. ज्यांना जिवंतपणी पगार कमी दिला त्यांना दगड मात्र त्याच मापाचा मिळाला, आणि तो त्यांच्यातल्या काहींच्या कर्नलने काढलेल्या युक्तीने कोरला गेला.

टिलमन भावांनी नंतर वाळूच्या जागी ओतीव लोखंडाचे बारीक छर्रे वापरायची पद्धतही काढली, दगड कापायला आणि धातू साफ करायला. त्यांच्या नावाची कंपनी इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळ ब्रॉडहीथला वर्षानुवर्षं ब्लास्टिंगची यंत्रं बनवत होती. बेंजामिन ३ जुलै १९०१ ला वारला, ७९ व्या वर्षी.

धूळ

हे सगळं मी मामाला तीन-चार रात्री थोडं थोडं सांगितलं. कबरींचा भाग त्याने दोनदा ऐकला. मग विचारलं, त्या दगडवाल्यांनी नाकाला काय बांधलं होतं?

वाळूचा कण दगडावर आपटला की दगडाबरोबर तो स्वतःही फुटतो. मोठे तुकडे खाली पडतात. काही मायक्रॉनचे, केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी बारीक, हवेत तरंगत राहतात, डोळ्यांना दिसत नाहीत आणि फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात. सिलिकाचा कण तिथे विरघळत नाही, शरीराला तो पचवता येत नाही. त्याच्याभोवती व्रणासारखी गाठ बनते. अशा गाठी वाढत जातात आणि फुप्फुस कडक होत जातं. हा सिलिकोसिस. काम सोडल्यावरही तो वाढू शकतो, बरा करणारं औषध नाही, आणि क्षय होण्याचा धोकाही वाढतो. गमछा, रुमाल, साधा मास्क या कणांना अडवत नाही.

ब्रिटनने १९४९ च्या नियमांनी ब्लास्टिंगसाठी वाळू वापरण्यावर बंदी आणली. आपल्याकडे कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ८७ खाली राज्यांनी केलेल्या नियमांत हे काम धोकादायक म्हणून नोंदलं गेलं होतं. तरी छोट्या शेडमध्ये आणि उघड्यावर वाळू चालतेच, कारण ती स्वस्त. आता तुमची जीन्स. कापड जुनाट दिसावं म्हणून तुर्कस्तानात छोट्या वर्कशॉपमध्ये पँटींवर वाळू मारत. विशी-पंचविशीतली पोरं या आजाराने गेली. २००९ मध्ये तिथे जीन्सवरच्या या कामाला बंदी आली. आणि छोटे दगड म्हणाल तर गुजरातेत खंबातला अकीकाचे मणी घासणाऱ्या कारागिरांची फुप्फुसं याच धुळीने गेलीत, तिथे तर फवाराही नव्हता, नुसतं घासणं.

म्हणून तुम्हाला गोट्यांवर कोरायचं असेल तर आधी हे ठरवा : वाळू नाही. गार्नेट किंवा अॅल्युमिनियम ऑक्साइड घ्या, पोत्यावर मोकळ्या सिलिकाचं प्रमाण लिहिलेलं असतं ते वाचा. उघड्यावर मारू नका. काच असलेली बंद पेटी, आत हात घालायला लांब रबरी मोजे, आणि धूळ ओढणारा फिल्टर लावलेला पंखा. आणखी एक गोष्ट व्हिडिओंत सांगत नाहीत : गार्नेट वापरलं तरी दगडाची स्वतःची धूळ असतेच. ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ भरपूर, वाळूच्या खडकात त्याहून जास्त. आपला काळा कातळ, बेसाल्ट, त्यामानाने बरा, त्यात क्वार्ट्झ नगण्य. पण त्याच्या पोकळ्यांत गारगोटी असू शकते, तेव्हा गोटा निवडताना पांढरे ठिपके बघा. जांभा घेऊच नका. तो मुळातच सच्छिद्र, अक्षराची कड टिकत नाही, माशाचा ढोकळा होतो.

मी आता घरी मारत नाही. मिरजोळ्याच्या बाजूला एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये बंद पेटी आहे, तिथे महिन्यातून एकदा जातो. गोटा धुवायचा, सुकवायचा, स्पिरिटने पुसायचा, स्टेन्सिल अंगठ्याने घट्ट बसवायचं, उरलेला भाग टेपने झाकायचा. नोझल सरळ धरायचं, तिरकं धरलं की स्टेन्सिलची कड उचकटते. साठ पीएसआयच्या आसपास दाब, अर्धा-पाऊण मिनिट, हात हलता ठेवून. काळ्या दगडात राखाडी रेषा उगवते तो क्षण मात्र अजूनही भारी वाटतो.

गेल्या महिन्यात मामासाठी एक केला. सहा इंची ठोकळ्याची गोष्ट त्याच्या डोक्यात बसली होती, त्यामुळे नाव नको म्हणाला, यार्डातला त्याचा हजेरीचा नंबर कोर म्हणाला. कोरला. त्याने तो दिव्याखाली धरला, आकड्यांवरून अंगठा फिरवला, आणि नऊचं पोट नीट खोल गेलं नाही, एवढंच सांगून गोटा परत माझ्या हातात दिला.